टोपी आणि टोपीखालचें डोकें

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वाडवडिलांची एखादी लाल पगडी अजून पेटाऱ्यांत जपून ठेवलेली असेल, त्यांस निराळें सांगावयास नको कीं, माणूस गेल्यावर मागें राहिलेल्या वस्तूंत डोक्यावरच्या वस्तूइतकी बोलकी वस्तु दुसरी क्वचित् असते. अंगरखा उसवून दुसऱ्याच्या अंगास बसवितां येतो, जोडे झिजून जातात. पगडीस मात्र ज्याच्या डोक्यावर ती वर्षानुवर्षें बसली त्याच्या डोक्याचा घाट राहून जातो. आजोबांची पगडी पोरांनीं खेळावयास घेतली तर घरांतलीं वडील माणसें रागें भरत, तें केवळ कापड मळेल म्हणून नव्हे.

या महिन्यांत आम्ही ज्या टोपीविषयीं लिहिणार आहों ती मात्र आपल्याकडची नव्हे, जर्मनीची आहे. आणि तिच्याविषयीं लिहिण्याचें कारण आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं दिवाळींत घडलें. हें पुण्यांतील तीन पिढ्यांचें नांदतें कुटुंब. त्यांचा पुतण्या यंत्रशास्त्राच्या अभ्यासासाठीं जर्मनींत गेला आणि तेथेंच नोकरीस लागला. तो सणाला घरीं आला तेव्हां मिठायांच्या डब्यांबरोबर एका पुठ्ठ्याच्या खोक्यांत जुन्या बाजारांत विकत घेतलेली एक लष्करी टोपी घेऊन आला. करड्या-हिरव्या लोकरी कापडाची, गर्द हिरव्या पट्ट्याची, कडेनें पांढरी गोट लावलेली आणि कपाळावर येणारी काळी चकचकीत झांपड असलेली ही टोपी दिवाणखान्यांतील कपाटावर विराजमान झाली. दुसरे दिवशीं सकाळीं घरांतल्या सात वर्षांच्या मुलानें ती डोक्यावर चढविली आणि सिनेमांत पाहिल्याप्रमाणें एक हात ताठ उंच करून तो आरशापुढें उभा राहिला. आजी पूजा आटोपून बाहेर येत होत्या. त्यांनीं विचारलें, "अरे, ही टोपी कोणाची?"

"आजी, ही जर्मन पायदळाची आहे. दुसऱ्या महायुद्धांतली. अस्सल आहे अगदीं."

"तें नव्हे रे. ही घालीत कोण होता?"

नातवास टोपीचें कापड ठाऊक होतें, किंमत ठाऊक होती, पांढऱ्या गोटीचा अर्थ ठाऊक होता. परंतु या प्रश्नास त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. मग घरांत दोन पक्ष पडले. मेलेल्या, आणि तोही अशा पक्षाच्या, शिपायाची टोपी घरांत नको, असें काकूंचें म्हणणें. इतिहासाची वस्तु टाकून देणें हा अडाणीपणा, असें तरुणांचें म्हणणें. वाद मिटेना तेव्हां आमचे स्नेही ती टोपी खोक्यासह आमच्याकडे घेऊन आले. निवाडा करण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं. परंतु त्या निमित्तानें आम्हीं जें वाचलें व पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांत जर्मन लष्करी टोप्यांस जो मान आहे तो उगीच नव्हे. १८७१ मध्यें जर्मन साम्राज्य स्थापन झालें तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी व वुर्टेंबेर्ग हीं चार राज्यें आणि अनेक लहान संस्थानें आपापल्या राजांसह त्यांत कायम राहिलीं. शिपाई साम्राज्याचा खरा, परंतु तो कोणत्या राजाचा, हें त्याच्या डोक्यावरून कळे. प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिख विल्हेल्म यानें १८४२ मध्यें आपल्या पायदळास चामड्याचें, वर टोंकदार खिळा असलेलें शिरस्त्राण दिलें. यासच 'पिकेलहाउबे' म्हणतात. प्रशियाच्या तोफखान्यास खिळ्याऐवजीं गोळा मिळाला. बव्हेरियानें मात्र आपलें जुनें शिरस्त्राण सोडावयास १८८६ सालापर्यंत वेळ लावला. प्रशियाच्या शिरस्त्राणावर गरुड व 'ईश्वरासह, राजा व पितृभूमि यांसाठीं' अशा अर्थाचें वाक्य. बव्हेरियाच्या शिरस्त्राणावर सिंह व 'निष्ठेंत दृढ' अशा अर्थाचे शब्द.

रोजच्या वापरांतील कापडी टोपीवर हीच भाषा लहान अक्षरांत लिहिलेली असे. शिपायाची टोपी गोल व बिनझांपडीची, अधिकाऱ्याची झांपडीची. तिच्या दर्शनी भागावर रंगीत गोल चकती असे. जर्मन भाषेंत तिला 'कोकार्ड' म्हणतात. काळा-पांढरा-काळा म्हणजे प्रशिया, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे बव्हेरिया, पांढरा-हिरवा-पांढरा म्हणजे सॅक्सनी. १८९७ मध्यें सर्वांसच साम्राज्याची काळी-पांढरी-तांबडी चकती आणखी देण्यांत आली, आणि कापडी टोपीवर ती राज्याच्या चकतीच्या वर बसली. म्हणजे नुसत्या दोन चकत्या पाहून साम्राज्य व संस्थान यांचें नातें वाचतां येतें. एवढा मजकूर एवढ्याशा जागेंत दुसरी कोणती वस्तु सांगेल?

या टोपीचा लोकांच्या मनावर केवढा पगडा होता याची एक खरीखुरी गोष्ट आहे. विल्हेल्म फोइग्ट नांवाचा एक गरीब चांभार होता. चोरी व बनावट यांपायीं त्याचें बरेंचसें आयुष्य तुरुंगांत गेलें होतें, आणि सुटल्यावर त्यास कोठें राहण्याची परवानगीहि मिळेना. त्यानें जुन्या कपड्यांच्या दुकानांतून कॅप्टनच्या पोषाखाचे निरनिराळे भाग विकत घेतले, आणि १६ ऑक्टोबर १९०६ रोजीं ते अंगावर चढवून रस्त्यानें जाणाऱ्या शिपायांच्या एका तुकडीस हुकूम सोडला. शिपाई मुकाट्यानें मागें चालूं लागले. बर्लिनजवळच्या क्योपेनिक गांवीं जाऊन त्यानें नगराध्यक्षास अटक केली, नगरपालिकेच्या तिजोरींतील साडेतीन हजारांहून अधिक मार्क ताब्यांत घेतले आणि तो निघून गेला. कोणींहि त्यास कागद दाखवा म्हणून दरडाविलें नाहीं. पुढें तो पकडला गेला, शिक्षा झाली, आणि १९०८ मध्यें कैसरनेंच त्यास माफी दिली. सारा देश हंसला. परंतु कार्ल झुकमायर यानें १९३१ मध्यें या प्रसंगावर नाटक लिहिलें तेव्हां विचारी लोकांस त्या हंसण्यामागचें भयहि दिसूं लागलें होतें. जेथें टोपीस मुजरा करण्याची संवय जडते तेथें टोपीखालीं कोण आहे हें विचारण्याची संवय नाहींशी होते.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां जर्मन शिपाई हेंच खिळ्याचें शिरस्त्राण घालून निघाला. चमक दिसूं नये म्हणून वर कापडी गवसणी, आणि गवसणीवर पलटणीचा आंकडा. आरंभीं हा आंकडा तांबडा असे. तो दुरून दिसतो असें आढळल्यावर हिरवा झाला. नाकेबंदीमुळें परदेशचें चामडें येईनासें झालें, तेव्हां लोकर दाबून केलेल्या नमद्याचीं, पत्र्याचीं अशीं शिरस्त्राणें निघालीं. चामडें तोफगोळ्याच्या तुकड्यांस अडवूं शकत नव्हतेंच. म्हणून हॅनोव्हरच्या तंत्रविद्यालयांतील फ्रीडरिख श्वेर्ड यांच्या योजनेवरून पोलादी शिरस्त्राण तयार झालें आणि १९१६ मध्यें व्हर्दूनच्या लढाईंत तें रणांगणावर आलें. आज संग्राहक जेव्हां नमद्याचें शिरस्त्राण हातांत घेतो, तेव्हां तो खरें म्हणजे एका देशाच्या रित्या होत चाललेल्या कोठाराचा हिशेब हातांत घेत असतो.

या संग्रहाची सुरुवातहि रणांगणावरच झाली. शत्रूचें खिळ्याचें शिरस्त्राण घरीं नेणें ही दोस्त सैन्यांतील शिपायांची मोठी हौस होती. १९१९ मध्यें न्यूयॉर्क शहरांत युद्धकर्जाच्या प्रचारासाठीं अशा हजारों शिरस्त्राणांचा भर रस्त्यांत उंच मनोरा रचला होता. त्याचीं छायाचित्रें अजून पाहावयास मिळतात. प्रत्येक शिरस्त्राणाखालीं एकेकाळीं एक डोकें होतें, हा विचार तो मनोरा पाहणाऱ्या गर्दींत किती जणांस शिवला असेल?

आपल्याकडील वाचकांस हें फार दूरचें वाटूं नये. पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं फ्रान्समधील न्यव्ह शापेल गांवांत याच शिरस्त्राणांविरुद्ध घरोघर लढल्या आणि त्यांची भयंकर हानि झाली. दुसऱ्या महायुद्धांत ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले, ठाणें घेतलें आणि तेथेंच धारातीर्थीं पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उलट, आफ्रिकेंत जर्मनांच्या हातीं सांपडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून सुभाषचंद्रांच्या प्रेरणेनें जर्मनींत जें हिंदी सैन्यदल उभें राहिलें, त्यांतील शिपायांच्या अंगावर जर्मन पोषाख होता. शिखांनीं आपली पगडी राखली, इतरांच्या डोक्यावर जर्मन टोपी आली. म्हणजे अशा टोपीखालचें डोकें आपलेंहि असूं शकलें असतें. आजींचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

आतां त्या खोक्यांतील टोपीकडे वळूं. १९३३ मध्यें हिटलर सत्तेवर आला आणि फेब्रुवारी १९३४ मध्यें सैन्याच्या पोषाखावर पक्षाचा गरुड लावण्याचा हुकूम निघाला. टोपीच्या वरच्या भागावर गरुड, त्याच्या नखांत वाकड्या हातांचें तें चिन्ह. खालीं पट्ट्यावर ओकच्या पानांच्या माळेंत चकती. हें चिन्ह पाहून आपल्या घरांतील बायकांस उंबऱ्यावरचें स्वस्तिक आठवतें, आणि कित्येक तरुण त्यामुळें भलत्याच आपलेपणानें या वस्तूंकडे ओढले जातात. जर्मन भाषेंत त्यास 'आंकड्यांचा क्रूस' अशा अर्थाचें नांव आहे, आणि त्याच्या छत्राखालीं साठ लाख ज्यूंची व दुसऱ्या लक्षावधि निरपराध माणसांची पद्धतशीर कत्तल झाली. आपल्या दारच्या मंगलचिन्हाशीं त्याचा संबंध जोडणें हा आपल्याच चिन्हाचा अपमान आहे. जर्मनींत दंडसंहितेच्या ८६ अ कलमान्वयें अशीं चिन्हें लोकांत मिरविण्यास बंदी आहे. शिक्षण, संशोधन व कला यांपुरती सूट आहे. जुन्या बाजारांतले विक्रेते म्हणूनच तें चिन्ह झांकून ठेवितात.

कडेची गोट सैन्याची शाखा सांगते: पांढरी पायदळाची, तांबडी तोफखान्याची, गुलाबी रणगाड्यांची, काळी बांधकाम-सुरुंगवाल्यांची. काळा चामडी पट्टा असेल तर टोपी शिपायाची, रुपेरी दोरी असेल तर अधिकाऱ्याची, सोनेरी असेल तर सेनापतीची. टोपी उलटी केली म्हणजे आंत घामाची चामडी पट्टी, डोक्याच्या घेराचा आंकडा आणि पारदर्शक सेल्युलॉइडच्या तुकड्याखालीं करणाऱ्या कारखान्याचें नांव सांपडतें. या टोपींत ५६ हा आंकडा होता, म्हणजे घेर छप्पन्न सेंटिमीटर. आमच्या स्नेह्यांनीं घरीं फीत घेऊन सर्वांचीं डोकीं मोजलीं, तों तो घेर नेमका त्यांच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलाच्या डोक्याचा निघाला. तेव्हांपासून काकूंनीं त्या टोपीस हात लावलेला नाहीं.

या टोपीवर गरुड नव्हता. त्याच्या जागीं दोन बारीक भोंकें होतीं आणि त्यांच्याभोवतीं गरुडाच्याच आकाराचें, उन्हानें न विटलेलें गडद कापड. पुतण्याचा बेत असा होता कीं, एखाद्या व्यापाऱ्याकडून सुटा गरुड मागवून तेथें बसवावा व टोपी 'पूर्ण' करावी. आमचा त्याच्याशीं खरा मतभेद येथें झाला.

मराठींत 'टोपी घालणें' याचा एक अर्थ फसविणें असा आहे, आणि या व्यापारांत तो अक्षरशः खरा ठरतो. नाझी काळांतील वस्तूंस मोठी किंमत येते, म्हणून खोट्या टोप्यांचा सुळसुळाट फार. कोणी संपूर्ण टोपी नवी शिवून तिला चहाच्या पाण्यानें जुनी करतो. कोणी पोस्टमनची अथवा आगगाडीच्या नोकराची जुनी टोपी घेऊन तिचें सैन्यांत रूपांतर करतो. आणि कोणी खऱ्या टोपीवर खोटा गरुड बसवितो. शेवटचा प्रकार ओळखावयास सर्वांत अवघड. जाणते संग्राहक अतिनील प्रकाशाचा दिवा वापरतात. कपडे शुभ्र दिसण्यासाठीं युद्धानंतरच्या काळांत सर्रास वापरांत आलेलीं द्रव्यें त्या प्रकाशांत निळसर झळकतात. पॉलिएस्टरचा शोधच १९४१ सालचा. तेव्हां त्यापूर्वींच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या टोपींत तसला दोरा निघाला, आणि जाळून पाहतां राख न होतां त्याची गुठळी झाली, तर शिलाई मागाहूनची हें उघड होतें. परंतु दिव्याहून मोठी कसोटी साधी आहे. टोपीची झीज जेथें बोटें लागतात, जेथें कपाळ टेकतें, तेथेंच आहे काय, हें पाहावें. वापरलेली वस्तु वापरणाराची साक्ष देते. बनावट वस्तु विकणाराची.

आम्हीं पुतण्यास म्हटलें, "बाळ, ही भोंकें म्हणजे उणीव नव्हे, हाच या टोपीचा शेवटचा अध्याय आहे." १९४५ मध्यें जर्मनी शरण आली. अंगावर घालावयास दुसरें कांहीं नव्हतें म्हणून असंख्य लोकांनीं लष्करी कपडे चिन्हें उपटून, रंग देऊन वापरले. कोणी भीतीनें गरुड उपटला, कोणी लाजेनें, कोणी एखाद्या परदेशी शिपायास सिगारेटींच्या मोबदल्यांत दिला. या टोपीवरचा कोणीं व कां काढला हें टोपी सांगत नाहीं. काढला एवढें मात्र सांगते. तेथें नवा गरुड बसविणें म्हणजे त्या माणसाच्या हातून घडलेली एकुलती एक गोष्ट, जिचा पुरावा आपल्यापाशीं आहे, ती पुसून टाकणें. शिवाय टोपी दिसावयास अधिक सुंदर होईल ती कोणाच्या डोळ्यांस? ज्यांस त्या चिन्हाची भक्ति आहे, त्यांच्या. असे भक्त या छंदांत आहेत हें लपविण्यांत अर्थ नाहीं, आणि भल्या संग्राहकानें आपली वाट त्यांच्यापासून स्पष्टपणें निराळी राखली पाहिजे.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्यानें घामाची पट्टी हलकेंच उलटून दाखविली. तिच्या मागें फिकट शाईनें एक नांव लिहिलेलें होतें. तें त्यानें पूर्वीं पाहिलें होतें. परंतु टोपी कोणा नामांकित अधिकाऱ्याची नाहीं एवढें समजून घेऊन तें सोडून दिलें होतें. नांव येथें देत नाहीं. त्याचे वंशज कोठें असतील तर तें प्रथम त्यांचें आहे. जर्मन सैनिकांचीं जुनीं दफ्तरें २०१९ पासून तेथील राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या स्वाधीन आहेत, आणि युद्धांतील थडग्यांची काळजी घेणारी, १९१९ मध्यें स्थापन झालेली एक संस्थाहि नांवावरून शोध करूं देते. जन्मतारखेवांचून एका नांवाचीं अनेक माणसें निघतात, हें खरें. तरीहि पुतण्यानें पत्र लिहिलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

आमचें मत आम्हीं स्नेह्यांस सांगितलें तें असें. टोपी टाकूं नये, विकूंहि नये. ती कपाटावर शोभेस ठेवूं नये, आणि मुलांनीं ती डोक्यावर घालूं नये. आंत आम्लरहित पातळ कागदाचा बोळा भरून, उन्हापासून व दमट हवेपासून दूर, डब्यांत ठेवावी. घामाच्या पट्टीस तेल लावूं नये. कसर लागते कीं काय हें पावसाळ्याआधीं व नंतर पाहावें. डब्यांत एक चिठ्ठी असावी: टोपी कोठें घेतली, केव्हां घेतली, काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाहीं. मुलें विचारण्याइतकीं मोठीं झालीं म्हणजे डबा उघडून त्यांस सारें सांगावें. नाईक घाडग्यांचें आणि छावण्यांत मारल्या गेलेल्यांचें सुद्धां.

काकूंस हें पूर्णपणें पटलें असें नाहीं. डबा देवघराच्या भिंतीस लागून असलेल्या कपाटांत नको, असें त्यांनीं निक्षून सांगितलें, व तो माडीवरच्या खोलींत गेला. परत जाण्याच्या आदल्या रात्रीं नातवानें चिठ्ठी लिहून आजींस वाचून दाखविली. त्यांनीं ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारलें, "पत्राचें उत्तर आलें म्हणजे मला कळवशील ना?"

"कळवीन, आजी."

"आणि कांहींच कळलें नाहीं तर तेंहि लिही."

चिठ्ठीच्या तळाशीं त्या उत्तरासाठीं दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या आहेत.